जुनी फोर बाय फोर घ्यायची आहे: मॉडिफाइड घ्यावी की कंपनी फिटिंग?

पायवाट

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसता वाचनमात्र होतो, आज धागा काढायची वेळ आली.

जुनी फोर बाय फोर घ्यायची आहे. रोजच्या कामाला वेगळी छोटी गाडी आहे, त्यामुळे ही फक्त कच्चे रस्ते, नदीकाठ, टेकड्या आणि कधीतरी लांबचा मुक्काम यासाठी. ऑफरोडिंगचा माझा अनुभव म्हणजे मित्राच्या शेजारी बसून वरचं हँडल घट्ट धरणे, एवढाच.

दोन गाड्या नजरेत आहेत. मॉडेल एकच, वयात वर्षाचा फरक. शिडीची चॅसी, पुढे-मागे सॉलिड एक्सल, पार्टटाइम फोर बाय फोर, मॅन्युअल गिअर. मॉडेलचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर दहाव्या प्रतिसादापर्यंत ब्रँडवरून हाणामारी सुरू होईल.

पहिली: अडीच इंच उचललेली, ३३ इंची मड टायर, मागे एअर लॉकर (दोन्ही चाकं एकत्र बांधणारा), विंच (अडकलेली गाडी ओढणारी चरखी), स्नॉर्केल (इंजिनला उंचावरून हवा देणारी नळी), टपावर दिव्यांची माळ. मीटरवर ८८ हजार किमी.

दुसरी: जाहिरातीत 'पूर्ण कंपनी फिटिंग, एक स्क्रूही बदललेला नाही'. टायर मूळ मापाचे, २९ इंची. मीटरवर १ लाख २४ हजार.

पहिलीवर जे सामान चढवलंय ते मी नवीन बसवायला गेलो तर दोघींच्या किमतीतल्या फरकाच्या दुप्पट पैसे जातील. म्हणून मन तिकडे ओढतंय. बायको म्हणते दुसरी घे. का, विचारलं तर म्हणाली, ती तुझ्यासारखी दिसते.

चिखलकिडा

पहिली घे भावा, डोळे मिटून. सगळं आयतं मिळतंय. दुसरी घेतलीस तर पुढची दोन वर्षं एकेक पार्ट गोळा करण्यात जातील आणि शेवटी पहिलीसारखीच दिसेल.

गाडीवाली

डोळे मिटून एक मॉडिफाइड गाडी मीही घेतली होती. दिसायला देखणी. डावा इंडिकेटर दिला की डॅशबोर्डवरचा दिवा मंद व्हायचा, एवढीच तक्रार. डॅशबोर्ड खोलला तर आत नुसत्या पिळून टेप मारलेल्या जोडण्या. मोजल्या, सतरा होत्या. दिव्यांच्या माळेची मुख्य वायर बॅटरीपासून थेट आत आलेली, वाटेत फ्यूज नाही, रिले नाही, आणि एका पत्र्याच्या धारेवर घासून तिचं आतलं तांबं उघडं पडलेलं. मी वर्षभर त्या वायरच्या दीड फूट मागे बसून गाडी चालवत होते.

त्यानंतरचे सहा महिने ती गाडी मी चालवली कमी आणि उलगडली जास्त. वायरिंग आधी बघ. बॅटरीपासून निघणाऱ्या प्रत्येक जादा वायरवर बॅटरीच्या जवळच फ्यूज हवा. विंच याला अपवाद असते, पूर्ण ताणावर ती ४०० अँपिअरच्या आसपास खेचते, तिला जाड केबल आणि हाताने बंद करता येणारा कटऑफ असला पाहिजे.

हिशेबी

एक मुद्दा कोणी मांडला नाही म्हणून. पहिलीचा ८८ हजार हा आकडा खरा धरू नका. मीटर फेरे मोजतो, अंतर नाही. २९ च्या जागी ३३ इंची चाक आलं की प्रत्येक फेऱ्याला गाडी ३३ भागिले २९ म्हणजे १.१३८ पट पुढे जाते. हे टायर पहिल्यापासून असतील आणि मीटर जुळवून घेतला नसेल तर खरे किलोमीटर १ लाखाच्या वर.

शिवाय डिफचे, म्हणजे एक्सलवरच्या डिफरन्शियलचे, गिअर बदललेत का? मूळ ३.७३ (चाकाच्या एका फेऱ्याला इंजिनकडून येणाऱ्या शाफ्टचे एवढे फेरे) असतील तर ३३ च्या टायरवर ते ३.२८ असल्यासारखे वागतात. इंजिन तेच, पण पायात दगड बांधल्यासारखं. मूळ जोर परत हवा तर ४.२ च्या पुढचे गिअर लागतात.

जुना जीपवाला

मॉडिफाइड की स्टॉक, म्हणजे कंपनी फिटिंग, हा वाद या गाड्यांच्या जन्मापासूनचा आहे. महायुद्ध संपल्यावर लष्करातल्या विलिस जीपा स्वस्तात निघाल्या आणि लोकांनी त्या शेतात घातल्या. रोव्हरच्या मॉरिस विल्क्सकडे अशीच एक होती. तिच्याकडे बघतच १९४७ मध्ये लँड रोव्हरचा पहिला नमुना तयार झाला, तोही जीपच्याच चॅसीवर. १९४८ च्या एप्रिलमध्ये ॲमस्टरडॅमच्या प्रदर्शनात लँड रोव्हर लोकांसमोर आली. म्हणजे बघा, एवढं मोठं घराणं, आणि मूळपुरुष एक सेकंडहँड मॉडिफाइड गाडी!

रानगवा

तात्या, माहिती भारी, पण पोरगा गाडी घ्यायला निघालाय, घराणं नाही.

माझं मत: नवशिक्याने स्टॉकच घ्यावी. चांगले ऑल टेरेन टायर, पुढे-मागे भक्कम टो हुक, एक छोटा कॉम्प्रेसर. माती लागली की हवा ३२ वरून १८ वर आण. यातच अर्धं काम होतं, आणि गाडी कुठे थांबते ते कळल्यावरच पुढे काय लावायचं ते कळतं. लॉकर हवाच असेल तर कंपनीतूनच लागून आलेली शोध. जीप रँग्लर रुबिकॉन २००३ पासून पुढे-मागे दोन्ही लॉकर घेऊन येते, ट्रान्सफर केसचा (पुढच्या-मागच्या एक्सलला जोर वाटणाऱ्या पेटीचा) लो रेशो ४:१. टोयोटाच्या ८० सीरिज लँड क्रूझरमध्येही काहींना फॅक्टरी लॉकर होते. ती मॉडिफाइडही आहे आणि स्टॉकही.

चिखलकिडा

गवा, तुझी गाडी मागच्या वेळी कोणाच्या विंचने निघाली ते सांगू का इथे?

रानगवा

नको.

तेराचा पाना

पायवाट, मॉडिफाइड गाडी घेताना ज्याने सामान बसवलं त्याचा हात तू विकत घेतोयस, हे पक्कं धर. तोच लॉकर एकाने बसवला तर पंधरा वर्षं तोंड उघडत नाही, दुसऱ्याने बसवला की दुसऱ्या महिन्यात डिफ गुणगुणायला लागतो. आणि हात वरून दिसत नाही. जुने कपडे, एक चटई, टॉर्च आणि छोटी हातोडी घेऊन जा. मालकाला आधीच सांग की मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका. गेल्यागेल्या बॉनेटला हात लाव. गरम असेल तर थंड इंजिनचा धूर तुला दिसू नये अशी कोणाची तरी इच्छा आहे.

पहिलं काम एअर फिल्टर. फिल्टर बाहेर काढ आणि त्याच्या पुढची, म्हणजे इंजिनकडे जाणारी नळी आतून बोटाने पूस. बोट स्वच्छ आलं पाहिजे. पिठासारखी बारीक धूळ लागली तर विषय तिथेच संपव, कारण ती धूळ पिस्टनच्या रिंगा खाऊन झालेली असते. स्नॉर्केलवाल्या गाडीत हे हमखास बघायचं. फेंडरला भोक पाडून नळी उभी करणं कोणालाही जमतं, आतले सगळे जोड हवाबंद करायला वेळ आणि लाज दोन्ही लागतात. इंजिन सुरू असताना ऑइल भरायचं झाकण काढून उलटं ठेव. थोडं थरथरलं तर चालतं, उड्या मारायला लागलं तर रिंगा गेल्या.

मग पाणी. पुढच्या सीटचा बेल्ट शेवटपर्यंत ओढून काढ, तळाच्या वीतभरावर मातीची रेघ आहे का बघ. बेल्ट कोणी शेवटपर्यंत धूत नाही. डिफचा भरायचा बोल्ट सैल कर, बोट घाल. ऑइल दुधाळ चहासारखं असेल तर आत पाणी गेलंय.

मग चॅसी. स्टेअरिंग बॉक्स जिथे बसतो तिथे आणि पॅनहार्ड रॉडच्या (एक्सल आडवा सरकू न देणाऱ्या दांड्याच्या) ब्रॅकेटपाशी टॉर्च मारून बारीक तडे शोध. मोठ्या टायरचा सगळा मार तिथे बसतो. गंज हातोडीने ऐकायचा, चांगला पत्रा खणखणतो आणि कुजलेला थपथपतो. खाली नुकताच काळाकुळकुळीत रंग मारलेला असेल तर त्या रंगाखाली काय आहे ते विचार.

उचललेल्या गाडीत पॅनहार्ड रॉड जुळवला नसेल तर अख्खा एक्सल एका बाजूला सरकतो. टायरपासून फेंडरच्या कडेपर्यंतचं अंतर दोन्हीकडे मोज. ब्रेकचे रबरी पाइप चाक लोंबतं ठेवून बघ, ताणलेले दिसले तर लिफ्ट करणाऱ्याने अर्धंच काम केलंय. आणि स्टेअरिंगचा डॅम्पर (हादरे शोषणारा नळकांडा) एकटाच नवा कोरा दिसला तर कान टवकार. ६०-७० च्या वेगात खड्ड्यावरून गेल्यावर पुढची चाकं थयथयाट करायला लागतात, त्याला डेथ वॉबल म्हणतात. कारण बहुतेक वेळा सैल बुश, बॉल जॉइंट किंवा टाय रॉड एंड असतं. नवा डॅम्पर लावला की महिना-दोन महिने रोग झाकला जातो, तेवढ्यात गाडी विकून होते.

मूळ स्प्रिंगा, मूळ चाकं ठेवलीत का तेही विचार. ज्याने काढलेले नटबोल्टसुद्धा डब्यात जपून ठेवलेत त्याच्याकडून मी गाडी घेतो.

शेवटचं, फोनवर जीपीएसचा वेग लावून दोन्ही गाड्या चालव आणि मीटरशी ताडून बघ. हिशेबींचा मुद्दा खरा की खोटा ते दहा मिनिटांत कळेल.

पायवाट

पानाकाका, वहीत उतरवून घेतलं. रविवारी जातोय.

पायवाट

जाऊन आलो. शर्ट फेकून द्यावा लागला.

पहिलीबद्दल थोडक्यात. मालक गप्पिष्ट, त्याने स्वतःच बॉनेट उघडलं. फिल्टर नवा होता. नळीत बोट घातलं आणि बाहेर काढलं तर टोकावर पावडर लावल्यासारखी धूळ. मी मालकाकडे बघितलं, त्याने माझ्या बोटाकडे. मग म्हणाला, 'ते जुनं असेल.' तसंही मीटरवर ६० ला फोन ६७ दाखवत होता आणि पाचवा गिअर टाकला की गाडी झोपत होती. डिफचे गिअर मूळचेच आहेत असं तो अभिमानाने म्हणाला. चहा न घेता निघालो.

दुसरीने मात्र गोंधळ घातलाय. इंजिन पहिल्या झटक्यात सुरू, धूर नाही, फिल्टरची नळी स्वच्छ, बेल्ट स्वच्छ. पण तीन गोष्टी खटकल्या. एक, ८० ला इंजिन फार ओरडतं, सहावा गिअर शोधायला हात जातो आणि सहावा नाहीच. दोन, सावकाश वळवताना मागून कट्-कट् असा आवाज येतो. तीन, मीटरवर ८० असताना फोन ६४ दाखवतो. पुन्हा पुन्हा बघितलं, ६४ च.

मालक तिसरा. चार वर्षं गाडी त्याच्याकडे आहे, डांबरी सोडून कुठे नेली नाही म्हणतो. आवाजाबद्दल विचारलं तर म्हणाला, मी गाणी लावतो.

चिखलकिडा

डिफ गेला. सोड. मीटरही गेला.

गाडीवाली

कट्-कट् पुढून असता तर सीव्ही जॉइंट म्हटलं असतं, पण मागे सॉलिड एक्सलला तो नसतोच. मागचं बेअरिंग?

हिशेबी

मीटर थोडा जास्त दाखवतोच, ते मुद्दाम ठेवलेलं असतं. संयुक्त राष्ट्रांच्या ३९ क्रमांकाच्या नियमात मीटरने खऱ्यापेक्षा कमी दाखवायचंच नाही, आणि जास्त दाखवायला सूट आहे ती खऱ्या वेगाच्या १० टक्के अधिक ४ किमी. खरा वेग ६४ तर मीटर फार तर ७४ पर्यंत जाऊ शकतो. ८० म्हणजे सवलतीच्या पलीकडे. आणि बिघडलेला मीटर सहसा नाचतो किंवा मरतो, इतका शिस्तीत जास्त दाखवत नाही. एकतर टायर फारच लहान आहेत, नाहीतर...

पानाकाका, तुम्ही बोला.

तेराचा पाना

नाहीतर डिफचे गिअर बदललेत.

पायवाट, परत जा. टायर मूळ मापाचे, म्हणजे फरक आतच आहे. मीटर ट्रान्सफर केसमधून बाहेर पडणाऱ्या शाफ्टचे फेरे मोजतो, तिथून चाकापर्यंतचा रेशो बदलला हे त्याला कळत नाही. इंजिन का ओरडतं त्याचंही उत्तर हेच.

सपाट जागी पुढच्या चाकांना दोन्हीकडून दगड लाव. मागचा एक्सल दोन्ही बाजूंनी उचलून स्टँडवर ठेव, नुसत्या जॅकवर नाही. हँडब्रेकवर विसंबू नकोस. लँड रोव्हर डिफेंडरसारख्या काही गाड्यांत तो चाकांवर नसून प्रॉपेलर शाफ्टवर असतो, आणि मागचं एक चाक जरी हवेत गेलं तरी तो गाडी धरू शकत नाही. मग हँडब्रेक सोड, पहिला गिअर टाक, इंजिन बंद, आणि मागचं एक चाक हाताने फिरव. साधा डिफ असेल तर दुसरं चाक उलट्या दिशेला फिरेल. मग न्यूट्रल करून परत फिरव. एका चाकावर आणि शाफ्टवर खडूने रेघ मार, कोणाला तरी शाफ्टकडे बघायला बसव, आणि चाकाच्या एका पूर्ण फेऱ्यात शाफ्टचे किती फेरे होतात ते मोज.

कट्-कट् कशाचं असेल ते मला वाटतं माहीत आहे, पण आधी तू फिरवून ये.

रानगवा

हा धागा आता झोपू देणार नाही.

पायवाट

मंडळी!!

पहिल्या गिअरमध्ये चाक फिरतच नाही. थोडं ढिलं आहे तेवढं हलतं आणि कट्ट करून अडकतं. न्यूट्रलला फिरवलं तर दुसरं चाक त्याच दिशेला फिरतं, दोन्ही एकदम. आणि शाफ्ट: मालकाचा मुलगा मोजायला बसला होता, तो म्हणाला साडेचार आणि वर जरासं. तीनदा मोजलं. जाहिरातीतला 'एक स्क्रू' माझ्या डोक्यात घुमतोय.

तेराचा पाना

४.५६. आणि मागे ऑटोमॅटिक लॉकर. त्याला बटण नसतं, वायर नसते, केबिनमध्ये काही दिसत नाही. सरळ जाताना दोन्ही चाकं बांधलेली, वळताना बाहेरच्या चाकाला दात सोडून पुढे जाऊ देतो, तेच कट्-कट्. तो आवाज म्हणजे तो काम करतोय.

कोणीतरी ही गाडी पूर्ण बांधली होती. मग विकताना वरचं सगळं उतरवून मूळ सामान लावलं, आणि आतलं काढायला एक्सल खोलावा लागतो म्हणून राहू दिलं. आता बंपरच्या मागे चॅसीत जादा भोकं, फायरवॉलमध्ये (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यात) रबरी बूच, चाकाच्या कमानीत घासल्याच्या खुणा शोध. सापडतील.

हिशेबी

४.५६ भागिले ३.७३ म्हणजे १.२२. मीटरवरचे ८० म्हणजे खरे ६५, त्यात मीटरचा स्वतःचा थोडा फुगवटा. जुळलं.

आता गंमत बघा. ४.५६ वर मूळ जोर आणि मूळ मीटर दोन्ही बरोबर यायला टायर किती हवा? २९ गुणिले १.२२, म्हणजे ३५ इंच. ज्याने गिअर बदलले त्याने बहुधा ३५ चे टायर लावले होते आणि तेव्हा मीटर खरं बोलत होता. ते उतरल्यापासून गाडी दर १०० खऱ्या किलोमीटरला १२२ दाखवतेय. म्हणजे मीटर कोणी फिरवला नसेल तर खरे किलोमीटर १ लाख २४ हजारांपेक्षा कमी असणार. जुन्या गाडीच्या बाबतीत असं वाक्य मी पहिल्यांदाच लिहितोय.

चिखलकिडा

म्हणजे आयता लॉकर, आयते गिअर, आणि किंमत स्टॉकची?? पायवाट, तू नको म्हणत असशील तर पत्ता मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) कर.

तेराचा पाना

जरा थांबा. ३५ म्हटल्यावर मला आनंद कमी आणि काळजी जास्त झाली. २९ साठी बनवलेल्या एक्सलवर ३५ चं वजनदार चाक लावून दगडांत घातलं की काहीतरी वाकतं. काही जण ३३ वरसुद्धा सावकाश चढायला ४.५६ लावतात, त्यामुळे ३५ च होते असं छातीठोकपणे म्हणणार नाही, पण तेच धरून तपास.

मागच्या दोन रिममधलं अंतर एक्सलच्या उंचीवर पुढच्या कडेला आणि मागच्या कडेला मोज. सारखं आलं पाहिजे. पुढची चाकं एकेक करून हवेत घे, खाली लांब सळई घालून वर रेट आणि बॉल जॉइंटकडे बघ. आणि सगळ्यात महत्त्वाचं, पुढच्या एक्सलचा रेशोही मोज. पुढे साधा डिफ असेल तर दुसरं चाक जमिनीवर ठेवून हवेतलं चाक दोन फेरे फिरवायचं, शाफ्टचे तेवढेच साडेचार आणि वर यायला हवेत. पुढचे हब (चाक एक्सलला जोडणारे) लॉक करायला विसरू नकोस. काही लोक पैसे वाचवायला फक्त मागचा बदलतात. तशी गाडी फोर बाय फोरमध्ये टाकलीस की पुढचा आणि मागचा एकमेकांशी भांडून काहीतरी मोडतात. तसं निघालं तर फुकट मिळाली तरी घेऊ नकोस.

गाडीवाली

आणि घेतलीस तर विमा कंपनीला आणि नोंदणीच्या कागदांत हे बदल कळव. नियम जिथले तिथे वेगळे असतील, पण 'मला माहीत नव्हतं' आता तू म्हणू शकत नाहीस, पुरावा म्हणून हा धागाच आहे.

अजून एक. ऑटोमॅटिक लॉकर ओल्या डांबरावर तुला घाबरवेल. वळणात ॲक्सिलरेटर दिलास तर मागची दोन्ही चाकं एकत्र ढकलतात, गाडी सरळ जाऊ बघते. वळणाच्या मध्येच पाय सोडलास तर खटकन सुटतो आणि शेपूट हलते. आवाजाची सवय होईल, याची मुद्दाम करावी लागते. रिकाम्या मैदानात आधी वळवून बघ.

पायवाट

तिसरी फेरी. मालकाचा मुलगा आता माझी वाट बघत असतो, स्वतःचा खडू घेऊन.

भोकं सापडली. पुढच्या बंपरमागे चॅसीच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन, रंग मारून बुजवलेली, विंचच्या पाट्याची असावीत. फायरवॉलला रबरी बूच. डाव्या मागच्या कमानीत पत्र्याची कड आत वळवून हातोडीने ठोकलेली, नखाने खरवडलं तर खाली टायरच्या रबराचा काळा पट्टा. आणि दोन्ही डिफच्या ब्रेदरच्या (आतली हवा सोडणाऱ्या) नळ्या इंजिनच्या खोलीत वरपर्यंत आणून नीट क्लिपांनी बांधलेल्या. त्या काढायचं गाडी बांधणाऱ्याला सुचलं नाही, किंवा काढवल्या नाहीत.

मागच्या रिमचं अंतर पुढे-मागे सारखं, टेपवर फरक दिसला नाही. पुढचा रेशो मागच्याइतकाच. उजवा खालचा बॉल जॉइंट सैल आहे. स्टेअरिंग बॉक्सपाशी चॅसीला जादा पाटा वेल्ड केलाय. टॉर्च मारून बघितलं, वेल्डिंगच्या लाटा एकसारख्या, एकावर एक नाण्यांची चळत आडवी केल्यासारख्या. काका, फोटो व्यनि केलाय.

तेराचा पाना

फोटो बघितला. हा माणूस मला आवडला. तडा जाण्याआधी पाटा लावलाय, गेल्यावर नाही, पाट्याखालून कुठे रेघ बाहेर येत नाही. घे. बॉल जॉइंट चारही बदल, एकच बदलू नकोस, आणि दोन्ही डिफचं ऑइल घेतल्या दिवशीच काढून टाक. काढताना बोल्टच्या चुंबकावर काय येतं ते बघ. राखेसारखा लगदा आला तर ठीक, टोचणारे तुकडे आले तर मला फोटो.

मालकाला लॉकरचं सांगितलंस का?

पायवाट

सांगितलं. न सांगता घेतली असती तर झोप लागली नसती. तो थोडा वेळ गप्प बसला, मग म्हणाला, 'म्हणजे चार वर्षं ती इतकं पेट्रोल पीत होती ते यामुळे?' बॉल जॉइंटचे पैसे त्याने कमी केले, लॉकरचे मी थोडे वाढवले. बायकोला सांगितलं तिने निवडलेलीच घेतली. ती आतून कशी निघाली तेही सांगितलं. त्यावर तिने जे म्हटलं ते इथे लिहीत नाही.

रानगवा

अभिनंदन! आता ३१ चे ऑल टेरेन लाव, न उचलता बसतील आणि इंजिनचं ओरडणंही कमी होईल. ३५ चा विचार दोन वर्षं करू नकोस.

चिखलकिडा

एक वर्ष.

पायवाट

ऑइल काढलं. काळा लगदा, तुकडे नाहीत. बॉल जॉइंट बदलून झाले.

आता नवीन अडचण. मातीच्या मैदानात आलोय, फोर हाय पडतो, पण लो रेंजचा (सावकाश पण जास्त जोराच्या गिअरचा) लिव्हर न्यूट्रलपर्यंत येतो आणि पुढे जातच नाही. पूर्ण थांबून, क्लच दाबून, दोन्ही हातांनी ओढून बघितलं.

तेराचा पाना

दोन्ही हात काढ आधी. चार वर्षं कोणी टाकला नसेल, लिंकेजचे सांधे सुकले असणार. खाली शिरून लिव्हरच्या सांध्यांवर वंगणाचा फवारा मार आणि पंधरा मिनिटं थांब. मग पूर्ण थांबू नकोस. चालायच्या वेगाने गाडी रांगती ठेव, गिअर न्यूट्रल, क्लच दाबलेला, आणि लिव्हर एका दमात पण जोर न लावता ओढ. उभ्या गाडीत दात दातावर आला की तो आत जात नाही, थोडं फिरतं असलं की आपोआप घर सापडतं.

पायवाट

पडला.